पुंडलिकला आलेलं बोलावणं

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एकामागून एक नव्या कंपन्यांचे भोंगे वाजायला लागले, त्या दिवसांत पुंडलिक एका पंपाच्या कंपनीत लेथ मशीनवर कामाला होता. राहायला छावणीत. आजोबांच्या काळात त्यांचं घराणं गंगापूर तालुक्यातल्या खेड्यात ख्रिस्ती झालं होतं. चुलत्याचं घर मात्र पुढं बौद्ध झालं. सणासुदीला दोन्ही घरांत येणं-जाणं असायचं. देव कुणाचा मोठा यावरून कधी वाद झाला नाही. रश्श्यात मीठ कुणाचं जास्त यावरून मात्र दरसाल व्हायचा.

एका दुपारी मशीन चालू असताना पुंडलिकला हाक ऐकू आली. स्वतःच्या नावाची, अगदी कानाशी. मागं वळून पाहिलं तर कुणी नाही. पुन्हा आली. त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले आणि मुकादमाजवळ जाऊन म्हणाला, "मला देवाचं बोलावणं आलंय."

बद्रीनाथ मुकादम दौलताबादकडचा, भला माणूस. त्यानं पुंडलिकचा चेहरा पाहिला, त्याला धरून स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं आणि दोघांच्या खांद्यावर टाकून कंपनीच्या दवाखान्यात पाठवलं. शिफ्ट सुटल्यावर छावणीतला एक कामगार सायकल दामटत पुढं गेला आणि सखूबाईला सांगून बसला, "वहिनी, धीर धरा. पुंडलिकला देवाचं बोलावणं आलं." सखूबाईनं जो हंबरडा फोडला तो ऐकून अर्धी गल्ली गोळा झाली. तेवढ्यात पुंडलिक सायकलची घंटी वाजवत दारात उभा. लोक त्याच्याकडं पाहतायत, तो लोकांकडं.

"अगं, तसलं बोलावणं नव्हं! सेवेचं. देव म्हणतो, माझं काम कर."

सखूबाईनं डोळे पुसले. मग म्हणाली, "दळण आणा म्हणून मी रोज चार-चार हाका मारते, त्या ऐकू येत नायत. आन् तेवढ्या खडखडाटात देवाची बरी ऐकू आली!"

देवाचं काम म्हणजे उपदेश, अशी पुंडलिकची पक्की समजूत. अडचण एकच होती, त्याला बोलता येत नव्हतं. म्हणजे सुरुवात करता यायची, थांबता यायचं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला एका रविवारी देवळात पाच मिनिटं दिली. त्यानं बायबलातल्या महापुराच्या गोष्टीतल्या नोहाच्या तारवात जनावरं चढवायला घेतली आणि शेळ्यामेंढ्यांपर्यंत येईस्तोवर पोरं रडायला लागली, बाया चुलीवर ठेवून आलेल्या कालवणाच्या काळजीनं एकेक करून उठल्या. शेवटी पाळकसाहेब स्वतःच "आमेन" म्हणाले.

बाहेर त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुंडलिकराव, देवानं बोलावलं असेल. पण बोलायलाच बोलावलंय कशावरून?"

पुंडलिकला वाईट वाटलं. पण जिद्द सुटली नाही. देवळात जागा नाही तर चौकात, असं ठरवून सुट्टीच्या दिवशी तो क्रांती चौकात जाऊन उभा राहिला. अंगात पांढरा सदरा, डोक्याला तेल. तिथं आधीच शे-दोनशे माणसं जमलेली पाहून त्याला देवाची मोठीच कृपा वाटली.

ती माणसं नामांतराच्या सत्याग्रहाची होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, तेव्हा मराठवाड्यात गावोगाव दलितांच्या घरांना आगी लागल्या होत्या. नाव द्यायचं राहिलंच होतं. ते मागायला माणसं परत परत रस्त्यावर उतरत होती. पुंडलिकला हे ठाऊक होतं. फक्त आजच उतरणार आहेत, हे ठाऊक नव्हतं.

भावसिंगपुऱ्याचा कडूबा घोषणा देऊन देऊन घसा बसलेल्या अवस्थेत भोंगा हातात धरून उभा होता. पांढऱ्या सदऱ्यातला हा माणूस काहीतरी बोलायला आतुर झालेला पाहून त्याला वाटलं, यायचे होते ते गंगापूरकडचे वक्ते आले. त्यानं भोंगा सरळ पुंडलिकच्या हातात दिला.

"बंधूंनो!" पुंडलिक ओरडला. "गुलामीतल्या लोकांना देवानं मिसरातून बाहेर काढलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला टाळ्या मिळत होत्या. तो बायबलातला समुद्र दुभंगवायच्या बेतात होता, तेवढ्यात पोलिसांच्या गाड्या आल्या.

"तू यांच्यातला का?" एका फौजदारानं विचारलं.

"नाय साहेब. मी वरून बोलावणं आलं म्हणून आलोय."

"आज सगळ्यांनाच वरून बोलावणं आहे. चल, बस."

अशा रीतीनं पुंडलिक हर्सूलच्या तुरुंगात पोचला. बराकीत कडूबाला खरा प्रकार कळला तेव्हा बसलेल्या घशानं तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "घ्या पाळक, आता बोला. इथून कुणी उठून जाऊ शकत नाय."

पुंडलिक उठला. घसा खाकरला. समोर सांडू नावाचा फर्दापूरकडचा म्हातारा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. पुंडलिकच्या तोंडातला नोहा तोंडातच राहिला. तो खाली बसला आणि हळूच विचारलं, "काय झालं, बाबा?"

म्हाताऱ्याची म्हैस व्यायला झाली होती. घरी बायको एकटी, तिला कमी ऐकू यायचं. आपण कुठं आहोत हेसुद्धा तिला ठाऊक नसेल, म्हणून तो रडत होता. म्हशीवरून तो बायकोवर आला, बायकोवरून जळालेल्या गोठ्यावर. पुंडलिक ऐकत राहिला. त्याचं झाल्यावर शेजारचा सरकून आला. मग त्याच्या पलीकडचा. संध्याकाळच्या भाकरीपर्यंत पुंडलिक एक शब्द बोलला नव्हता, आणि बोलावंसं वाटलंही नव्हतं. याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब धावत आले. हा आमचा माणूस, चुकून सापडला, असं त्यांनी तुरुंगाच्या साहेबांना पटवून दिलं. साहेबांनी पुंडलिकला बोलावलं. "चुकून आलास ना? मग जा घरी."

पुंडलिकला सखूबाई आठवली, मशीन आठवलं. आणि त्या आगींत जळालेल्या चुलत्याच्या घराच्या काळ्या भिंती आठवल्या. तिथली राख सावडताना त्यानं स्वतः हात लावला होता.

"आलो चुकूनच, साहेब," तो म्हणाला. "पण आता चुकून म्हणवत नाय. ते नाव आमालाबी पाहिजे. ह्यांच्यासंगंच जाईन."

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. मात्र जाताना स्वतःची शाल त्याच्या अंगावर टाकून गेले.

आठवड्याभरानं सुटणाऱ्यांच्या पहिल्याच तुकडीत पुंडलिकचं नाव आलं. मागं राहिलेल्यांनी त्याच्याजवळ घरचे निरोप दिले. घरून सायकल घेऊन तो निघाला. निरोप इतके होते की डोक्यात त्यांची खिचडी झाली. कडूबाच्या बायकोला, मालनबाईला त्यानं सांगितलं, "म्हशीला कोमट पाणी पाजा आन् घाबरू नका."

"आमच्याकडं कोंबडीबी नाय," मालनबाई म्हणाली. "माणूस बरा आहे का तेवढं सांगा."

"बरा आहे. लई हसतो."

तेवढं ऐकून ती उंबऱ्यातच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग उठून त्याला चहा दिला. फर्दापूरला तो बसनं गेला. म्हातारीच्या कानाशी ओरडून निरोप सांगितला, तो साऱ्या गावानं ऐकला. म्हैस व्याली होती, रेडी झाली होती. ही बातमी घेऊन तो कैद्यांच्या मुलाखतीच्या दिवशी हर्सूलच्या दारात हजर झाला. सांडूबाबानं पलीकडून जाळीला कपाळ टेकलं. म्हणाला, "पाळक, देवानंच धाडलं तुमाला."

रस्त्यानं परतताना पुंडलिक सायकलवरून उतरला आणि थोडा वेळ लिंबाखाली उभा राहिला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. बोलावणं खरं होतं. आपणच इतके दिवस भलत्या दारात उभे होतो.

सत्याग्रही सुटले, पण पुंडलिकची हर्सूलची वारी थांबली नाही. चोर, मारामारीवाले, ज्यांच्या मुलाखतीला कुणी फिरकत नव्हतं असे, सगळे आता त्याचे. कंपनीत त्याच्या पहिल्या शिफ्टची सोय बद्रीनाथनं लावली. सखूबाई कुरकुरत कुरकुरत भाकरी बांधून द्यायची. पुढं तीही तुरुंगातल्या बायकांच्या बाजूला जाऊ लागली. तिकडं तिचं बोलणं कुणी थांबवलं नाही, उलट बाया तिची वाट बघायच्या.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. त्या दिवशी कडूबा पेढ्यांचा पुडा घेऊन छावणीत आला, आता केस पिकलेला. दोघं गळ्यात पडले. पण पुंडलिकला बसायला वेळ नव्हता, मुलाखतीचा दिवस होता. त्यानं पुडा तसाच पिशवीत टाकला आणि निघाला.

जाळीपलीकडं एक नवा कैदी होता, कपाळावर आठ्या. म्हणाला, "ओ काका, तुमचा देव-बिव मला सांगू नका."

"नाय सांगत," पुंडलिक म्हणाला. "घरी कोण कोण आहे, ते सांग."