फ्रॉकाला खिसा

गेणबा कोकरे शिंपी झाला तो पायामुळं. घर मेंढपाळांचं. दिवाळी सरली की मेंढरं, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन सगळे कोकणाकडं निघायचे. लहानपणी तापात गेणबाचा डावा पाय वाळला आणि मेंढरांमागं चालणं त्याला होईना. मग बापानं त्याला केडगावच्या एका शिंपी मास्तराच्या हाताखाली ठेवलं. गेणबा एका पायानं मशीन मारायला शिकला. पुढं भावांनी मेंढरं विकून शेती धरली, तरी तो मशीनवरच राहिला. वरवंडला हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, बायकांचे झंपर, म्हाताऱ्यांच्या कोपऱ्या शिवायचा. हात सफाईचा, पण जीभ तिखट. बायको म्हाळसा म्हणायची, "गिऱ्हाईक तुमच्या हातासाठी येतंय, तोंडासाठी न्हाई."

अठ्ठ्याण्णव साली कालव्यापलीकडच्या माळावर धरणात गाव गेलेली माणसं आणून ठेवली. वरच्या मावळातली. जमीन मिळेपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं, असं सांगितलं होतं. वरवंडात त्यांच्याशी कुणी फारसं बोलत नसे, कारण त्यांना द्यायची जमीन इथल्यांच्याच शिवारातून जाणार होती. गेणबाला त्यांचा राग नव्हता. दुसऱ्याच्या रानात उतरणं त्याच्या घरानं पिढ्यान्पिढ्या केलं होतं. पण आपण होऊन माळावर जाऊन त्यानं कुणाची विचारपूसही केली नव्हती.

मग पुण्याच्या एका संस्थेनं तिथं काम सुरू केलं. शाळा सुटल्यावर पोरांना शेंगदाण्याचा लाडू आणि वर्षाला कपड्यांचा एक जोड. शिवणकाम गेणबाकडं आलं. संस्थेच्या प्रतिभाताई कापडाचे तागे घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "इतक्यात कापायला घेऊ नका, गेणबा. आधी मुलं विचारून येणार आहेत."

"कोणची मुलं?"

"शेडमधलीच. सहा जणांना तयार केलंय. ती घरोघर जाऊन बाकीच्या मुलांना विचारतील, काय हवंय, कशाचा त्रास होतो. आम्ही मोठी माणसं मनानंच ठरवतो आणि दिलेल्या वस्तू तशाच पडून राहतात."

"ताई, पोरांला इचारून कुठं कपडे शिवत्यात व्हय? मापं द्या, मी शिवतो."

पण ताईंनी ऐकलं नाही. आठवड्याभरानं सहाही पोरं दुकानात आली. पुढं सविता नावाची अकरा वर्षांची पोर होती, अंगानं काटकुळी, बोलणं हळू.

"मामा, पोरांना चड्डीला नाडी नको, बटन पायजे. आन् पोरींना फ्रॉकला खिसा पायजे. मोठा."

गेणबा हसला. "फ्रॉकला खिसा? तमाखूची चंची ठेवणार का काय?"

बाकीची पोरं हसली. सविता हसली नाही. खिसा कशासाठी, असं प्रतिभाताईंनी तिला विचारलं, तर ती "आसाच" म्हणाली आणि खाली बघत राहिली. हौस असेल, असं ताईंना वाटलं. कापड पुरणार नाही, असं गेणबानं सांगितलं आणि विषय तिथंच मिटला.

मापं घ्यायला गेणबा माळावर गेला. दुपार कलली होती. आयाबाया कुणाच्या ना कुणाच्या रानात खुरपायला गेलेल्या, आणि पोरी कडेवर भावंडं घेऊन रांगेत उभ्या होत्या. सविताचा नंबर आला. गेणबानं टेप धरला आणि म्हणाला, "हात वर कर, बाय." तिनं एकच हात वर केला. दुसऱ्याची मूठ काही केल्या उघडेना.

"काय धरलंयस? मारतोय का मी?"

तिनं मूठ उघडली. आत अर्धा लाडू होता, घामानं भिजलेला.

"ताईला सांगू नका, मामा," ती रडवेली झाली. "लाडू तिथंच खायाचा, घरी न्यायाचा न्हाई, आसं हाय. पर आमचा पप्पू दोन वर्साचा, घरात निजलाय. त्याला कोन देतंय? आई येती दिवस मावळल्यावर."

गेणबाला आपल्या चंचीच्या थट्टेची आठवण झाली आणि कसंतरीच झालं. तो टेप गुंडाळत बसला. मग म्हणाला, "न्हाई सांगत कुणाला. पर तू एकटीच नेतीस का गं?"

"बाकीच्यांचं मला काय ठावं?"

"मग इचार की. इचारायचंच काम दिलंय न्हवं तुम्हाला?"

तो हे सहज बोलून गेला होता. पण पुढच्या बाजारच्या दिवशी सहाही पोरं दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. सविताचा चेहरा पार निराळा दिसत होता.

"मामा, समद्याच नेत्यात! ज्यांच्या घरी बारकं हाय त्या समद्या. कुणी परकराच्या ओच्यात, कुणी दप्तरात. एक तर गालात धरून नेती आन् भावाच्या तोंडात घालती. परत्येकीला वाटायचं, आपुनच चोर."

गेणबानं मशीनवरचा पाय काढला. म्हणाला, "आता हे ताईला सांगाया पायजे."

"आन् लाडूच बंद झाला तर?"

"ते मला न्हाई सांगता यायचं. सांगायचं का न्हाई, तुम्हीच ठरवा. म्हणाल तर मी संगं येतो."

पोरांनी आपसात बराच वेळ खल केला. सांगायचं, पण कुणाचंही नाव घ्यायचं नाही, असं ठरलं. माळावर संस्थेच्या शेडमध्ये गेणबा दाराशी बसला आणि सविता बोलली. प्रतिभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो नियम मीच केलाय गं. तुम्ही मोठ्या मुली स्वतः उपाशी राहाल आणि घरी द्याल, म्हणून केला."

"पर ताई, त्या देत्यातच की," मागून एक पोरगा म्हणाला.

ताईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "लाडू बंद होणार नाही. नावं कुणी विचारणार नाही. एवढं मी आज सांगते. पुढचं मला पुण्याला बोलावं लागेल."

पुण्याचं सोपं नव्हतं. पोरांच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा, असं तिथं कुणीतरी म्हणालं. ताईंनी पोरांकडून सगळं पुन्हा विचारून घेतलं. पुन्हा तेच निघालं. संक्रांत झाली आणि मग एका रिकाम्या शेडमध्ये बारक्यांसाठी खिचडी शिजू लागली. राखायला त्यांच्याच गावची साळूबाई बसली. पोरींच्या कडेवरचं ओझं शाळेच्या वेळेपुरतं उतरलं. अंधारात रानात जायला भीती वाटते, संडास बांधा, असंही पोरांनी तेव्हा सांगितलं होतं. ते मात्र अखेरपर्यंत झालं नाही.

फ्रॉक शिवताना गेणबानं झालरीचं कापड वाचवलं आणि प्रत्येकाला खोल खिसा लावला. घ्यायला आलेली सविता म्हणाली, "आता लाडू न्यायाचा न्हाई, मामा. खिसा कशाला?"

"मागितला व्हता न्हवं? मग घे गप."

पोरींनी त्यात सागरगोटे भरले.

दोन हजार एकला त्या लोकांना शिरूरच्या बाजूला, वडगाव रासाईजवळ जमिनी मिळाल्या आणि माळ मोकळा झाला. गेणबाला दुकानात चुकल्यासारखं व्हायचं, पण तो ते बोलून दाखवत नसे. दोन वर्षांनी सविताच्या बापाचा निरोप आला, घर बांधलंय, जेवायला या. म्हाळसा म्हणाली, "जावा की. पोर वाट बघत आसंल."

एसटी बदलत गेणबा पोचला. नदीकाठची काळी जमीन, तिच्यात बाजरी उभी. विटांचं घर, अजून गिलावा नसलेलं. नववीतली सविता दारातच भांडायला लागली, "मामीला का न्हाई आणलं?" जेवताना ती सांगत होती, शाळेत बाई नवीन आल्यात, गणित जमतं, इंग्रजी जमत न्हाई, आन् नदीत पोहायला शिकले.

पप्पू आता शाळेत जात होता. या लंगड्या पाहुण्याला त्यानं कधी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो भाकरी मोडत गेणबाकडं बघत राहिला आणि शेवटी बहिणीला विचारलं, "हे कोण गं?"

"आपलंच माणूस हाय," सविता म्हणाली. "तू जेव."

गेणबानं मान खाली घातली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.