काकूंच्या नावाचा कॅटलॉग

अख्ख्या मिशिगनमध्ये शिकारीतलं सगळ्यात जास्त कळणारा आणि जन्मात एक डासही धड न मारलेला माणूस एकच, तो म्हणजे ट्रॉयमधले माझे शेजारी काका. मोटारीच्या कंपनीतून रिटायर झालेले, चतुर्थी पाळणारे, ऑम्लेटच्या वासानेही खिडकी उघडणारे हे गृहस्थ शिकारीच्या सामानाच्या कॅटलॉगवर मात्र जीव टाकतात. सुरुवात थंडीने झाली. पहिल्या हिवाळ्यात काकू कुडकुडत होत्या, तेव्हा ऑफिसातल्या एका शिकारी मित्राने काकांच्या हातात कॅटलॉग ठेवला. त्यातून आलेला, झुडपात दिसू नये म्हणून पानापानांची नक्षी छापलेला तो कोट घालून काकू इंडियन स्टोअरमध्ये जात आणि बायका कौतुकाने कापड हातात धरून पाहत. ऑर्डर काकूंच्या नावाने होती, म्हणून पुढे दर सीझनला कॅटलॉग त्यांच्याच नावाने येत राहिला.

अमेरिका समजायची तर कॅटलॉग वाचावा, असं काकांचं ठाम मत. "अरे, फार्मवरच्या माणसाला जवळ दुकान कुठलं? बंदूक, बूट, तंबू, सगळं तो पोस्टाने मागवायचा. हिवाळाभर शेगडीपाशी बसून पानं चाळायची, अर्धी शिकार तिथेच होते यार." हरणांचा सीझन आला की पलीकडचा गोरा शेजारीही काकांना विचारून खरेदी करतो. काका त्याला मोज्यांपासून दुर्बिणीपर्यंत सगळं समजावतात आणि शेवटी नेम चुकवायची विनंती करतात. मंडळाच्या गणपतीत त्यांची भगवी टोपी पाहून नवे लोक आदराने वाकतात. एका शिकाऱ्याने दुसऱ्याला हरीण समजू नये म्हणून घालायची टोपी आहे ती. एकदा आरतीला कोणी जेवणाच्या रांगेतून हलेना, तेव्हा काकांनी खिशातून बदकं बोलवायची शिट्टी काढून जोरात वाजवली. आरती वेळेवर झाली.

या देशात दुसऱ्याचं टपाल उघडणं गुन्हा आहे, हे काकांनी आल्या आल्या वाचलं होतं. त्यामुळे काकू भाजी निवडून, हात पुसून, सावकाश प्लॅस्टिक फाडेपर्यंत काका बाजूला नुसते घुटमळत. काकू गेल्या. बँकेने, दवाखान्याने त्यांचं नाव काढून टाकलं, कॅटलॉग तेवढा येत राहिला. काका टपालपेटीपाशीच म्हणत, "तुझं आलंय गं," आणि मगच उघडत.

यंदा कंपनीने छापील कॅटलॉग बंद केला. काकांनी तडक फोन लावला, मी समोरच होतो. पलीकडची मुलगी वेबसाइटचा पत्ता सांगत होती. "वेबसाइट मी रोज बघतो," काका तिला म्हणाले, "पण तिच्यावर माझ्या बायकोचं नाव नसतं." मला फार वाईट वाटलं.

शेवटचा अंक महिनाभर टेबलावर प्लॅस्टिकमध्येच आहे. परवा मी विचारलं, "काका, अजून उघडला नाहीत?"

"पुढचा येणार असला की हातातला उघडावासा वाटतो रे," ते म्हणाले. मग त्यांनी अंक उचलून काकूंच्या खुर्चीसमोर सरकवला आणि माझ्या चहासाठी जागा केली.