सोप्यातली डोलकाठी

आमच्या कोल्हापूरच्या घरात, सोप्याच्या मधोमध, खांब म्हणून एका गलबताची डोलकाठी उभी होती. पहिल्यांदा येणारा माणूस तिच्याभोवती घुटमळायचा, नाक फेंदारून वास घ्यायचा आणि हळूच विचारायचा, "मासळी केलीया काय आज?" आम्ही लिंगायत. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. असल्या पाहुण्यापुढं आमची आई, आव्वा, चहाची बशी जरा जोरातच आदळायची.

अप्पांची लाकडाची वखार होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मालवणकडच्या एका खाडीत जुनं गलबत मोडायला काढलंय असं कानावर आलं आणि ते ट्रक घेऊन गेले. ते गलबत एके काळी शिडांच्या जोरावर मंगळूरपर्यंत जायचं. जाताना मीठ आणि सुकी मासळी, येताना कौलं. पुढं सगळा माल रस्त्यानं जायला लागला, गलबताला कुणी विचारेना, शेवटी शीड उतरवून खाडीच्या चिखलात बांधून ठेवलं ते तिथंच कुजलं. तळ गेला होता, पण सागवानी डोलकाठी ठणठणीत होती. अप्पा चांगलं लाकूड बघून विरघळणारा माणूस. फळ्या त्यांनी वखारीत विकल्या आणि काठीचा बुंध्याकडचा भाग घरी आणला. नवं घर बांधायचं चाललंच होतं. काठी उभी करताना त्यांनी स्वतः खांदा दिला.

पहिल्याच उन्हाळ्यात खांबावर ओल आली. बाहेर अंगण भाजत होतं आणि आत खांबाला पाणी सुटलं होतं. सगळीकडे नाही. पुरुषभर उंचीवर, हाताच्या पंजाएवढं. आव्वा फडक्यानं पुसायची आणि ते फडकं वाळलं की पापडासारखं कडक व्हायचं, वर मिठाचा पांढरा थर.

"मुरलेलं मीठ हाय, हवंतलं पाणी वढतंय. त्यात काय एवढं?" अप्पा म्हणायचे. मलाही ते पटायचं. मग दर वेळी त्याच जागी का, असं विचारलं की त्यांना वखारीतलं काम आठवायचं.

वर्षभरानं एक बाई दारात आली. ठेंगणी, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खांब दिसताच चपला काढून आत शिरली आणि त्यावर तळहात टेकून उभी राहिली. मी तेव्हा कॉलेजात जायची; तिचा हात माझ्या खांद्याच्या उंचीला टेकला होता.

"काठी उभी आसा," ती म्हणाली. "मगे बरां."

पाणी प्यायल्यावर तिनं सांगितलं. तिचा नवरा त्या गलबतावर खलाशी होता. वादळात शीड उतरवायला या काठीवर चढला तो खाली आलाच नाही. समुद्रानं देहही दिला नाही. तिच्या वाडीची रीत अशी, की अशा माणसाच्या बायकोनं त्याच्या गलबताची डोलकाठी उभी असेपर्यंत कुंकू लावायचं. काठी मोडली की खाडीवर जाऊन पुसायचं. गलबत मोडलं तेव्हा सासरचे तिला खाडीवर न्यायला निघालेच होते. तेवढ्यात ट्रकवाल्याकडून काठी घाटावर परत उभी राहिल्याचं कळलं. वर्षभर गाडीभाडं जमवून ते डोळ्यांनी बघायला ती एसटीनं आली होती.

"पण ट्रकात आडवी घातली हुती की," आव्वा बोलून गेली.

"तो निजलो होतो, वयनी. परत उठलो."

ती गेल्यावर आव्वा म्हणाली, "परक्या बाईचा न्हवरा माझ्या सोप्यात? मी आता पदर घ्यावा काय?" आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवसापासून खांबाजवळून जाताना ती खरंच डोक्यावर पदर घ्यायला लागली.

मग बाई दर वर्षी यायची. दिवस ठरलेला नसायचा, फोन नव्हता. पण ज्या सकाळी खांबाची ओल ओघळून फरशीपर्यंत यायची, त्या सकाळी आव्वा जास्तीचा भात टाकायची. "आज पावणी येणार." आणि दुपारच्या गाडीनं ती यायचीच. असं दोनदा झाल्यावर माझं हसू बंद झालं. मला त्या खांबाची भीती वाटायची. भरदिवसासुद्धा मी सोप्यात एकटी बसत नसे.

अप्पा गेले त्या वर्षी ती आली तेव्हा आव्वा ओटी भरायला पुढं येईना. रिकाम्या कपाळानं दाराआड उभी राहिली. बाईनं तिचा हात धरून बाहेर ओढलं आणि तिचं बोट कुंकवाच्या करंड्यात बुडवलं. "माका तुमच्याच हातान लावा. ही काठी तुमच्या घोवान उभी केली."

पुढं भावाला कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि घरावर स्लॅब आला. खांबाला पेलायला काही उरलं नाही. तो काढून टाकायचा विषय भावानं किती वेळा काढला, आव्वा दाद देईना. शेवटी चिडून म्हणाली, "त्या बाईचं कपाळ हाय त्यावर."

एके सकाळी अख्खा खांब निथळत होता. आव्वानं भात टाकला. दुपारची गाडी आली, संध्याकाळचीही. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी खांब कोरडा पडला.

काही दिवसांनी तिचा पुतण्या निरोप घेऊन आला. ती त्याच सकाळी गेली होती. हिरव्या लुगड्यात, मळवट भरून नेली, म्हणाला. काठी आता काढलीत तरी चालेल.

भावानं सुतार बोलावला. या वेळी आव्वानं अडवलं नाही. सुतारानं करवत टेकवली तेव्हा फक्त म्हणाली, "थांबा, एकदा पुसून घिती." फडकं घेऊन गेली आणि तिथंच थबकली. मी जवळ गेले. नेहमीच्या जागी, पुरुषभर उंचीवर, ओला पंजा होता. आणि खाली, माझ्या खांद्याच्या उंचीला, दुसरा. लहान.

आव्वानं डोक्यावर पदर घेतला.

"करवत उचला, पावणं," ती सुताराला म्हणाली. "च्या घ्या आन जावा. आता दोघं हायत."