देवाच्या फळीखालचा कागद

ते वाक्य ऋचाने वर्षभर जपून ठेवलं होतं. लोणावळ्यातल्या श्रीपतीशेठच्या चिक्की कारखान्यात, सगळ्या बायकांसमोर, मॅनेजर प्रदीप सर म्हणाले होते, "चूक ऋचाची. तिला आम्ही काढलंय कामावरून."

चूक तिची नव्हतीच. पाकिटं भरणाऱ्या मशीनला आठ वजनकाटे. संगणकाला त्यांच्याशी बोलायला लावणारा ड्रायव्हर ऋचाने लिहिलेला. कुठला काटा किती ग्रॅम चुकतो, ते आकडे तिने ड्रायव्हरच्या फोल्डरबाहेर, सिस्टीमने अशा माहितीसाठी राखलेल्या जागी ठेवले होते. हे शहाणपण तिला रतनबाईंकडून मिळालेलं. तीस वर्षं चिक्की तोलणाऱ्या रतनबाई लोखंडी वजनं मशीनपाशी ठेवतच नसत, देवाच्या फळीवर ठेवत. "मशीन धुतो आमी ताई, वजनं न्हाई."

प्रदीप सरांनी मात्र ते आकडे उचलून ड्रायव्हरच्याच फोल्डरमध्ये टाकले. "सगळं एका जागी, सोपं!" दसऱ्याआधी मशीन धुतात, तेव्हाच नवा ड्रायव्हर चढवतात. मागच्या वर्षी नव्या ड्रायव्हरने जुनं फोल्डर पुसलं, आकडेही गेले. चार दिवस हलकी पाकिटं बाहेर पडली आणि बोल ऋचाला लागला.

सर हट्टी. आकडे नव्याने घेतले तरी ठेवले तिथेच. ऋचाला हे ठाऊक होतं. तिने कॅलेंडरवर यंदाच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसावर लाल पेनने गोल केला आणि वाट पाहिली.

फोन आला. पहिल्यांदा तिने तो नुसता वाजू दिला, दुसऱ्यांदा उचलला.

"अगं ऋचा, आकडे पुन्हा गेले गं. येतेस का जरा?"

"येते सर. पण मागच्या वर्षी होत्या त्या सगळ्या बायका समोर हव्यात. शेठही."

घराजवळच्या घोरावाडी स्टेशनवर तिने लोणावळ्याची एक लोकल मुद्दाम सोडली. बसू दे वाट बघत.

कारखान्यात सर खुर्ची पुढे करत म्हणाले, "झालं गेलं, आता..."

ऋचा बसली नाही.

"बोला की प्रदीपराव," शेठ म्हणाले, "गूळ चिकटला काय टाळूला?"

"आकडे... मी हलवले होते. ऋचाची चूक नव्हती."

"मोठ्याने सर. रतनमावशींना कमी ऐकू येतं."

"व्हय, लय कमी," रतनबाई म्हणाल्या. त्यांचे कान चांगले शाबूत होते.

सरांनी पुन्हा सांगितलं, मान खाली घालून. मग ऋचा बसली. रतनबाईंची वजनं एकेका काट्यावर ठेवून तिने आठही आकडे नव्याने घेतले आणि मूळ जागी नेऊन ठेवले, नव्या ड्रायव्हरचा हात पोचणार नाही तिथे. शेवटी एका कागदावर लिहिलं, 'आकडे इथून हलवू नयेत. प्रदीप यांनी हलवले, दोन दसरे वाया गेले.' खाली सरांची सही घेतली. ती मशीनला कागद चिकटवणार, तोच रतनबाईंनी हात धरला.

"तितं नगं ताई, धुताना जाईल. हितं लाव, देवाच्या फळीखाली."

दुसऱ्या दिवशी पूजेला प्रदीप सरांनी फळीपुढे हात जोडले, तेव्हा डोळ्यांसमोर तो कागद होता. ऋचाने त्यालाही हळदीकुंकू वाहिलं.