पंचवीस मिनिटांचं विमान

दोन बेटांमधलं अंतर विमानाने पंचवीस मिनिटांचं आहे आणि तिथे विमान जात नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला ताईच्या लग्नात कळलं.

माझा दादा परदेशात, एका टीचभर बेटावरच्या हॉटेलात आचारी आहे. लग्न आगरदांड्याला, आमच्या दारात. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळून 'बहिणीला नीट सांभाळ' असं बजावायचं, ही कानपिळी. भाऊ एकच. दादा नसेल तर मी बोहल्यावर उभीच राहणार नाही, असं ताईने आधीच जाहीर केलेलं.

मुंबईचं विमान शेजारच्या बेटावरून सुटतं. तिथवर दादा लाँचने जाणार होता, दिवसभर हेलकावे खात. ऐकूनच मी भडकले. (जेट्टीवर प्रवाशांना शेड हवी म्हणून पत्रकं वाटणारी मुलगी मी, लाँच म्हटलं की पेटतेच.) नेटवर शोधलं. दोन्ही बेटांवर विमानतळ, मधे विमानाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'उड्डाणाचा वेळ पंचवीस मिनिटं'. मी दादाला सुनावलं, की तुम्ही लोक हक्क मागत नाही म्हणून हाल सोसता. लाँच जाऊ दे, विमानाने ये. बाबांनाही पटलं. आपल्याला समोर खाडीपलीकडची दिघी दिसते तसं, हवा स्वच्छ असली की, ते बेट त्याला दिसतं म्हणे, मग विमान असणारच!

दादाने लाँच जाऊ दिली आणि विमानतळावरून फोन केला.

"छकुले, हितं विमान न्हाय."

"उशीर असेल. तक्रार कर."

"कुणाकडं? बकऱ्या चरतायत नुसत्या."

तिथला पहारेकरी म्हणाला, त्या बेटाकडे इथून कधी विमान उडालेलंच नाही. पुढची लाँच थेट लग्नानंतर. मी ती वेबसाइट पुन्हा उघडली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत कबुली होती: वेळ सरळ रेषेतल्या अंतरावरून काढला आहे, प्रत्यक्ष सेवा असेलच असं नाही. अरे, मग आमच्या गोठ्यापासून चंद्रापर्यंतचाही वेळ सांगा की! मी जळजळीत निषेधपत्र धाडलं, मागण्यांसकट. उत्तर आलं: प्रतिसादाबद्दल आभार, विमानतळाजवळ हॉटेल हवं का?

ताई दार लावून बसली. आई बाहेरून विनवत होती. माझ्याकडे मात्र ती बघतही नव्हती. शेवटी दादानेच ताईला फोन करून समजावलं. दार उघडलं.

"दादाच्या जागी तू कान पिळ," ताई मला म्हणाली. "पण भाषण करायचं न्हाय."

मी कबूल केलं. मांडवात कान धरलासुद्धा, अगदी हलक्या हाताने. तेवढ्यात नवरदेवाचे काका पुटपुटले, की हे काम पोरीचं नव्हे. मग काय! पोरींनी काय काय करायचं नाही, हे कुणी ठरवलं, इथपासून मी सुरुवात केली आणि जेट्टीच्या शेडपर्यंत पोचले. भाऊजींचा कान तोवर माझ्याच हातात.

"मेहुणीबाई, सांभाळतो म्हटलं ना तिला," ते कळवळून म्हणाले. "कितींदा सांगू?"

त्या कानाने आपल्याला कमी ऐकू येतं, असं ते हल्ली सगळ्यांना सांगतात. मी बोलायला लागले की तोच कान माझ्याकडे करून बसतात.