शेवटी ओढायची रेघ

नाचणगावात प्रेमदासला कुणी नुसतं प्रेमदास म्हणत नाही, फिटर म्हणतात. पुलगावच्या गिरणीत त्यानं सव्वीस वर्षं मशीनं उघडली आणि पुन्हा बांधली. गिरणी बंद पडली तरी हात काही थांबायला तयार नव्हते. मग त्यानं अंगणातल्या टिनाच्या शेडखाली स्वतःचंच एक मशीन उभं केलं, लाकडावर अक्षरं कोरणारं. भंगारातून दांडे आणले, मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या विवेकला, म्हणजे मुलाला, फोनवर प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दीड वर्ष लागलं. एवढ्या दिवसांत एक खोली वाढवून झाली असती, असं त्याची बायको कमला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

यंदा मात्र त्या मशीनला खरं काम मिळालं. धुरपताबाईच्या अंगणातला साग वादळात पडला होता. तिच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावलेला. आरा मशीनवर त्यातून साडेचार फुटांची एकच सलग फळी निघाली. ती तिनं विहाराला दान दिली. त्यावर त्रिशरण कोरायचं, खाली ‘कालकथित ताराचंद’ एवढं नवऱ्याचं नाव यायला पाहिजे, बाकी तिचं काही म्हणणं नव्हतं. बुद्धपौर्णिमेला फळी लागायची होती. ती बिघडली तर दुसरी कुठून आणणार? त्या झाडाची तर नाहीच.

म्हणून प्रेमदास आधी कडुलिंबाच्या फळ्यांवर हात बसवत होता. लहानपणी शाळेत पाटीवर तो जसा लिहायला शिकला, तसंच त्यानं मशीनला शिकवलं होतं. आधी ओळीतली सगळी अक्षरं काढायची, मग मागे येऊन डोक्यावरची रेघ एका दमात शेवटपर्यंत ओढायची. पुण्याच्या पोरानं सांगितलं होतं की बाबा, एकेक शब्द रेघेसकट पुरा करत जा. पण गुरुजींनी छडी मारून शिकवलेलं असं थोडंच सुटतं!

पहिल्याच फळीवर घोळ झाला. रेघ शेवटच्या अक्षरांच्या बरोबर डोक्यावर बसली आणि पहिल्या अक्षरांच्या कपाळातून गेली. म्हणजे अक्षरं लिहिता लिहिता हळूहळू खाली घसरली होती. शिवाय रेघ मधोमध वाकलेली दिसत होती, ओल्या कपड्यांनी दोरी झोळावी तशी.

घसरण्याचं कारण त्यानं विवेककडून समजून घेतलं. मशीनची मोटर पावलापावलानं फिरते. शंभर पावलं चाल म्हटलं की चालते, पण खरंच शंभर चालली का, हे तिला कुणी विचारत नाही. जोर पडला की पाच पावलं खाते आणि पुढचा हिशोब शंभर धरूनच करते. प्रेमदास यावर खूप हसला. गिरणीत असे दोन सुपरवायझर त्यानं पाहिले होते.

विवेकनं नवीन मोटरी पाठवल्या. यांच्या पाठीवर एन्कोडर होता, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारी एक चकती. मोटर कमी फिरली तर चकती चुगली करणार, आणि मोटर उरलेली पावलं पुरी करणार. चूक किती हे मोटरींसोबत आलेल्या डब्यावर आकड्यात दिसणार. प्रेमदासनं जुन्या काढून नव्या बसवल्या, फळी लावली. पूर्ण ओळ होईस्तोवर आकडा शून्य राहिला. आणि ओळ पुन्हा घसरली. रेघ पुन्हा मधोमध झोळलेली.

आता आली का पंचाईत? आकडा म्हणतो चूक नाही, डोळा म्हणतो चूक आहे. प्रेमदासनं चार फळ्या कोरल्या, चारही वेळा शून्य आणि चारही वेळा तेच. विहार समितीचा सचिव अंकुश येऊन पाहून गेला. त्यानं आधी आकडा पाहिला, मग फळी, आणि डिझाइन मस्त आहे म्हणाला. कमलानं पदराला हात पुसत फळी तिरपी धरली आणि मले तर बरोबर दिसते म्हणाली. घसरण सुताएवढीच होती, ज्याला त्यातलं कळतं त्यालाच खुपावी अशी. पण मधला झोळ तर चांगला मोठा होता! तो यांना कसा दिसत नाही, हे काही प्रेमदासला उमजेना.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. होळीपासून त्याला गल्लीतल्या विजेच्या ताराही वाकलेल्या दिसत होत्या. उन्हानं ढिल्या पडल्या असतील, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दाराची चौकट तशी दिसली तेव्हा लाकूड फुगलं असेल म्हणाला. विवेक दर रविवारी फोनवर तब्येत विचारी, आणि हा ठीक म्हणून सांगे. शेडमध्ये खिळ्याला गिरणीतली पोलादी पट्टी टांगलेली होती. ती रेघेवर ठेवली असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. त्याचा हात दरवेळी तिच्याकडे जाई, आणि पाना नाहीतर तेलाची बुधली घेऊन परत येई. ज्याच्या नजरेवर अख्ख्या खात्यानं दांडे सरळ केले, त्या माणसाची नजरच वाकडी निघाली तर मागे राहतं काय?

धुरपताबाई रोज सकाळी ऊन चढायच्या आत आपली फळी पाहायला यायची. सागाच्या फळीवर हात फिरवायची, पाणी प्यायची आणि जायची. तिला अक्षरओळख नव्हती. त्या दिवशी ती कोरलेल्या कडुलिंबाच्या फळीपाशी थांबली, रेघेत बोट घातलं आणि हळूहळू शेवटपर्यंत नेलं. मग पुन्हा सुरुवातीला आली.

“फिटर, इकडच्या अक्षराइले शेंड्या काऊन फुटल्या रे?” ती म्हणाली. “तिकडच्याइले तर नाईत.”

प्रेमदासनं तिच्या बोटाजवळ आपलं बोट ठेवलं. पहिल्या अक्षरांचे शेंडे रेघेच्या वर आलेले होते, बोटाला स्पष्ट लागत होते. त्याला एवढं हायसं वाटलं की तो तिथंच स्टुलावर बसला. बुढीचं बोट आणि आपला डोळा एकच सांगतात, तर खोटारडा तो डबा! रेघेच्या मध्याबद्दल ती काहीच बोलली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं, पण त्यानं ते लक्षात ठेवलं नाही.

मग त्याला गिरणी आठवली. तिथं दोन दांडे कपलिंगनं जोडले की जोडावरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची पद्धत होती. जोड सरकला की रेघेचे दोन तुकडे होत आणि लांबूनही दिसत. सव्वीस वर्षं त्यानं एक जोड बिनरेघेचा सोडला नव्हता. आणि घरच्या मशीनला? इथं तर आकडा दाखवणारा डबा आहे, रंगाचं काय काम, म्हणून ओढलीच नव्हती. त्यानं ब्रश शोधला, जोडांवरून रेघ ओढली, सुकू दिली आणि एक ओळ कोरली. मोटरचा दांडा आणि टेबल सरकवणारा स्क्रू जिथं जोडले होते, तिथं रेघ तुटली.

तर भानगड अशी होती. मोटरचा दांडा कपलिंगच्या भोकाला बारीक पडत होता, म्हणून त्यानंच पावडरच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तो घट्ट केला होता. टेबल एका दिशेनं सरकवताना जोर पडला की पत्र्यात दांडा किंचित घसरे. मोटर पुरी फिरे, टेबल पुरं सरकत नसे. आणि एन्कोडर बिचारा मोटरच्या पाठीवर बसलेला, त्याला टेबलाची काय खबर! तो पाहत होता तेवढं खरंच सांगत होता. प्रेमदासनं स्वतःला दोन शिव्या घातल्या, पत्र्याच्या जागी पुलगावहून मापाची पितळी बुश करून आणली, आणि नव्या फळीवर बोट फिरवलं. शेंड्या गेल्या होत्या.

मधला झोळ त्यानं पाहिला नाही. म्हणजे दिसला, पण पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सागाची फळी मशीनवर चढली. धुरपताबाई सकाळपासून खुर्चीवर बसून होती, कमला तिला पंख्यानं वारा घालत होती. ओळीमागून ओळ झाली, शेवटी नाव झालं, त्याच्यावरून रेघ गेली. प्रेमदासनं भुसा झटकला, बुढीचं बोट धरून ताराचंदच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं. तिनं ते रेघेतून शेवटपर्यंत नेलं.

“कुठंच अडलं नाई,” ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला.

प्रेमदास मागे सरकून उभा राहिला. रेघ मधोमध झोळली होती. फळी वाया गेली, ताराचंदचा साग वाया गेला, आणि ही बाई रडते आहे ती वाकड्या रेघेवर! आता मात्र त्यानं खिळ्यावरची पट्टी काढली आणि रेघेवर टेकवली.

पट्टी मधोमध वाकलेली होती. तीस वर्षांची पोलादी पट्टी. त्यानं डावा डोळा मिटला, पट्टी सरळ झाली, तिच्याखाली रेघही सरळ झाली. उजवा मिटला, दोन्ही एकदमच झोळल्या.

फळी वाचली म्हणून आनंद करावा की डोळ्यासाठी रडावं, त्याला समजेना. तो पट्टी हातात धरून तसाच उभा होता, तेवढ्यात कमलानं फोन आणून दिला. विवेक होता. पाटी बरोबर आली का, तुम्ही ठीक आहात ना, असं एका दमात विचारत होता. मोटरच्या पाठीवर बसून टेबल ठीक असल्याची खबर आपणही दोन महिने देत होतो, असं प्रेमदासच्या मनात आलं.

“पाटी बरोबर आली,” तो म्हणाला. कमला ऐकत होती तरी त्यानं आवाज खाली केला नाही. “माहा डावा डोळा पावलं खाऊन राह्यला, विवेक. होळीपासून. तू येजो.”