माहेरची चौकट

साताऱ्यात आम्हाला गोळ्या मिळतात त्या केंद्रात गरोदर बायकांचा संशोधनाचा एक फॉर्म असतो. त्यात आता ‘माहेरी’ अशी एक चौकट छापून येते. ती चौकट माझी आहे. फॉर्मच्या तळाशी डॉक्टरांचं नाव असतं, छापखान्याचंही असतं, माझं नसतं. माझं नाव कुठे येता कामा नये ही माझीच अट होती, हे खरं. पण अट वेगळी आणि श्रेय वेगळं.

डोक्यावर टोपली घेऊन जुन्या कपड्यांवर भांडी देत मी गल्लोगल्ली फिरले आणि त्यातूनच स्टँडच्या मागे स्वतःचं दुकान घातलं. पातेल्याला तीन साड्या म्हटल्यावर मी अडीचवर कधी आले नाही. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं आणि मला एचआयव्ही निघाला. मग नवऱ्यालाही निघाला. कुणाकडून कुणाला, यावर आम्ही आठवडाभर भांडलो आणि नंतर दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवायला लागलो. सासूला सांगितलं नाही. गल्लीला सांगायचा प्रश्नच नव्हता. हा आजार भांड्यांतून होत नाही, हे मला केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी पटवून दिलं. पण माझ्या गिऱ्हाइकांना कोण पटवणार?

गोळ्या रोज घेतल्या तर बाळाला लागण होण्याची शक्यता फारच कमी, असं बाई म्हणाल्या. शून्य का नाही, म्हणून मी हटून बसले. शून्य कुणीच लिहून देत नाही, म्हणाल्या. मधे तपासण्या होतील, पण पक्कं उत्तर बाळ अठरा महिन्यांचं झाल्यावर. मी आयुष्यात उधारीवर काही घेतलं नव्हतं. हे घ्यावं लागलं.

त्याच इमारतीत शेजारच्या खोलीत बाहेरगावच्या एका संस्थेचं संशोधन चालायचं. आईकडून बाळाला होणारी लागण कशी टळते, मधेच बायका का गळतात, असा विषय होता. तिथल्या डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे केलं. ‘कोणतेही कारण न देता कधीही बाहेर पडता येईल’ हे वाचून मला शंका आली. कारण न विचारता माल परत घेणारा दुकानदार मी पाहिलेला नाही. मी विचारलं, माझी माहिती तुम्हाला मिळणार, मला काय? डॉक्टर म्हणाले, ज्ञानात भर. मी म्हणाले, ती तुमच्या पदरात. तासभर ओढाताण झाली. शेवटी ठरलं की फोन करायचा नाही, कारण फोन सासू उचलते. घरी आलात तर आजाराचा शब्द काढायचा नाही. आणि बाळाचा शेवटचा निकाल डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगायचा. हे तिन्ही मी समासात लिहून घेतलं, खाली त्यांची सही घेतली. मला एकोणचाळीस नंबर मिळाला.

सातव्या महिन्यात मी माहेरी गेले, कुंडलला. पहिलं बाळंतपण माहेरी, यात संशोधनवाल्यांना सांगण्यासारखं काय होतं? समुपदेशक बाईंनी सांगलीच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली आणि सगळं तिथे नीट पार पडलं. मुलगा झाला. त्याला रोज औषधाचे थेंब द्यायचे होते. ते वजनाचं टॉनिक आहे असं मी आईला सांगितलं. पोरगं असं काही बाळसं धरायला लागलं की शेजारणीने तिच्या नातवासाठी बाटलीचं नाव विचारलं. सव्वा महिना उलटल्यावर सांगलीत त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. तो निकाल चांगला आला. पण अंगावर पाजत होते, म्हणून पक्कं उत्तर अजून लांबच होतं. बाळाच्या पाचव्या महिन्यात ओटी भरून आईने मला साताऱ्याला पोचवलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. दारात एक पोरगेलीशी बाई आली, हातात फाइल. म्हणाली, “आरोग्याकडनं आलेय. हितं एक गरोदर बाई होती, ती आता कुठं असती?”

शेजारीण उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणाले, अशी कुणी बाई इथे राहत नाही. सासूने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या कानाशी लागून म्हणाले, “ऑपरेशनवाली हाय.” सासूला अजून दोन नातवंडं हवी होती. तिने पदर खोचला आणि सांगितलं, “न्हाई गं बाई. हितं कोण गरवार न्हाई आन् कवा नव्हतीबी.” आत पाळण्यात पोरगं बेंबीच्या देठापासून रडत होतं. त्या बाईने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि गेली. तिला कसं परतवलं, हे सासू आठवडाभर सांगत होती.

पुढचं वर्षभर मी दर महिन्याला त्या इमारतीत गोळ्या घ्यायला जात होते. ठरल्या वेळी बाळाच्या तपासण्याही तिथेच झाल्या. शेजारच्या खोलीतल्या लोकांना मी जाता-येता दिसत होते. त्यांना सगळं कळत असेल, असं मी धरून चालले.

अठराव्या महिन्यात शेवटचं रक्त दिलं. निकालाच्या दिवशी पोराला काखेत घेऊन गेले. समुपदेशक बाईंच्या हातात कागद होता. त्या तोंड उघडणार तोच मी त्यांना थांबवलं. हे डॉक्टरांनी सांगायचं ठरलंय, म्हणाले, आणि माझ्याकडच्या संमतीपत्राचा समास दाखवला. ठरलं ते ठरलं.

डॉक्टर आले. त्यांनी आपलं रजिस्टर उघडलं आणि म्हणाले की एकोणचाळीस नंबर बंद आहे. बाई बेपत्ता.

मी म्हणाले, ही काय उभी आहे. ते म्हणाले, दिसताय, पण बंद झालेला नंबर उघडत नाही. नवा नंबर द्या म्हटलं, तर तो फक्त गरोदर बाईला मिळतो. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, सध्या आहात का? मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

बाई सापडत नाही हे सांगितलं कुणी, म्हणून मी आवाज चढवला. डॉक्टरांनी शेरा वाचला: पत्त्यावर भेट दिली, बाई तिथे राहत नाही, दोन स्त्रियांनी सांगितलं, एक वयस्क, एक तापट. तेवढ्यात फाइलवाली आत आली. माझ्याकडे बघतच राहिली.

“आवं, तुमीच म्हणाला हुता की, अशी बाई हितं राहत न्हाई.”

“म्हणाले असेन. तुम्ही ऐकलंत कशाला?”

मी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. बाई का गळाली याच्या चार चौकटी होत्या: मृत्यू, नकार, गाव सोडलं, सापडली नाही. मी विचारलं, माहेरची कुठे आहे? डॉक्टर म्हणाले, तशी चौकट नाही. या मुलखातली प्रत्येक पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते आणि बायका गळतात कुठे हे शोधणाऱ्यांनी तेवढंच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मग काढा. पट्टी घेऊन काढा. ती निघाल्याशिवाय मी निकाल ऐकणार नाही.

डॉक्टरांनी पट्टी मागवली. पोरगं टेबलावर चढून शिक्क्याशी खेळत होतं. समुपदेशक बाई हळूच म्हणाल्या, “ताई, आता तरी ऐका.” मी म्हणाले, थांबा, खालची रेघ तिरकी आलीय. खरं तर रेघ सरळ होती. डॉक्टर ती पुसून पुन्हा काढायला लागले. मी अजून काय मागता येईल याचा विचार करत होते.

बाईंचा धीर सुटला. “निगेटिव्ह आहे,” त्या म्हणाल्या. “पोरगं चांगलं आहे तुमचं.”

पोराने शिक्का रजिस्टरवर उमटवला. मी डॉक्टरांपुढे समास सरकवला आणि त्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. पट्टी खाली ठेवून त्यांनी बाईंकडून निकालाचा कागद घेतला आणि वाचलं, “निगेटिव्ह.”

“पुन्हा सांगा,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा सांगितलं.